चुंबकाचा बाप्पा

माझी शेवटची पोस्टिंग सीमेवरच्या बर्फात, सुभेदार म्हणून. त्यानंतरची नायगावात, सौभाग्यवतींच्या हुकमाखाली. ट्रेकला निघालेली मंडळी मला हिंदमाताजवळच्या एका दुकानात नेतात. "साहेब, घड्याळ आणि होकायंत्र जरा पारखून द्या."

घड्याळाची चमक मी बघत नाही. जाड हातमोजा घालून बटणं दाबून पाहतो. ओंजळीच्या अंधारात काटे दिसतात का पाहतो. मग खिशातून गाडीत लावायचा छोटा गणपती काढतो. दुकानदार हात जोडतो. मी बाप्पाला होकायंत्राजवळ नेतो. त्याच्या बुडाशी चुंबक आहे, सुई भिरभिरते. बाप्पा दूर नेल्यावर सुई मुकाट्याने आपल्या जागी परतली, तरच माल घ्यायचा.

तो बाप्पा लालबागच्या शिपाई थोरातचा.

वर बर्फात एका दुपारी त्याच्या छातीत पाणी झालं. हवा खराब, हेलिकॉप्टर येईना. डॉक्टर खालच्या पोस्टवर. थोरातला स्ट्रेचरवर घेऊन आम्ही निघालो. बर्फ इतका, की पुढच्याची पाठ दिसत नव्हती. नाईक सावंत होकायंत्रावर वाट काढत होता. थोरातने त्याच्या हातात बाप्पा दिला.

"तू पुढे आहेस. तुझ्यापाशी ठेव."

आम्ही चालत राहिलो. मी घड्याळ पाहिलं. वाटेवरचा लाल झेंडा केव्हाच यायला हवा होता.

"टायगर, पोझिशन कळव. ओव्हर," रेडिओ म्हणाला.

"वेट. आउट." सांगायला पोझिशन नव्हती.

"सावंत, बाप्पा कुठेय?"

"होकायंत्राच्या दोरीला, साहेब. लोखंडी क्लिपला आपसूक चिकटला."

बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. मी बाप्पा ओढून काढला आणि हात लांब नेला. सुई फिरली, भलतीकडेच थांबली. आम्ही दरीच्या दिशेने चाललो होतो.

"मागे फिर. पळू नकोस."

थोरातने डोळे उघडले. "पोचलो काय रे?"

"आलंच लालबाग. भारतमाता टॉकीजचा सिग्नल लागलाय," सावंत म्हणाला. आवाज त्याने नीट ठेवला.

झेंडा सापडला. पोस्टही सापडली. थोरात त्या दोहोंच्या मधेच गेला.

रजेवर आल्यावर बाप्पा परत द्यायला लालबागला गेलो. त्याच्या आईने विचारलं, "शेवटाक बाप्पा त्याच्याजवळ होतो ना?"

"नव्हता, आई. त्याने पुढच्याला दिला. आमची वाट चुकू नये म्हणून."

बाकीचं मी बोललो नाही. तिने मूर्ती पदराने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "मग तुमच्याकडेच असांदे."

म्हणून दुकानदाराने हात जोडले की मी घाई करत नाही. आधी थोरात. मग सुई.