दादाचं डोकं आणि सरांची ग्रीक

"ज्यांच्या घरात मराठीचं राज्य नाही, त्यांनी मराठीचं राज्य मागू नये," असं माझ्या थोरल्या भावाने एका सकाळी जाहीर केलं आणि गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत इंग्रजी शब्दांना बंदी झाली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन रंगात होती. दादा रोज कुठल्या तरी सभेहून घसा बसवून घरी यायचा आणि बसलेल्या घशाने आमचे शब्द तपासायचा. ज्याच्या तोंडून इंग्रजी शब्द निघेल, त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे चाळीच्या नळावर पाणी भरायचं, ही शिक्षा. वडील "ऑफिसला उशीर होतोय" म्हणाले आणि पहिल्याच दिवशी सापडले. आई 'टेबल' आणि 'लाईट' या दोन शब्दांवर पुन्हा पुन्हा घसरायची. मी कॉलेजात जाणारी, त्यामुळे नळ जवळजवळ माझ्याच नावावर झाला होता. दादा स्वतः कधी सापडला नाही, कारण तो घरी नसायचाच.

मला पहाटे उठण्याचा मनस्वी कंटाळा, आणि दादापुढे हार मानण्याचा त्याहून जास्त. मी पळवाट शोधली. बंदी इंग्रजीला होती, ग्रीकला नव्हती.

ही अक्कल मला सुचली ती सरांमुळे. सर जवळच खोताच्या वाडीत राहायचे. जन्माने ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलेच मराठी बोलणारे ख्रिस्ती, उंच, किडकिडीत, सदा इस्त्रीच्या सदऱ्यात. तरुणपणी पाद्री व्हायला गेले होते. ते काही जमलं नाही, पण तिथे शिकलेली प्राचीन ग्रीक त्यांना जन्माची चिकटली. पुढे सगळी नोकरी बंदरावरच्या कचेरीत झाली. निवृत्तीनंतर ते ओसरीवर इंग्रजीची शिकवणी घ्यायचे आणि प्रत्येक इंग्रजी शब्दामागून त्याच्या ग्रीक आजोबाला हाताला धरून बाहेर आणायचे.

"आयुष्यात एकच इच्छा राहिली गो," ते म्हणायचे. "एकदा खरा ग्रीक माणूस भेटावा, मी बोलावं नि त्याला कळावं. मग मेलो तरी चालंल." मी मनात म्हणायची, मग सर चांगले शंभर वर्षं जगणार. गिरगावात ग्रीक येतोय कुठून?

सरांकडून शब्द आणून मी घरात पेरले. टेबलाला 'त्रापेझा', लाईटला 'लुख्नोस', स्टेशनला 'स्ताथ्मोस', डॉक्टरला 'इआत्रोस'. दादा भडकला. "आम्ही तिकडे मराठीसाठी लाठ्या खातोय आणि ही इथे ग्रीक पाजळतेय!" मी त्याला तस्साच सरांकडे नेला. सरांनी त्याला चळवळीची घोषणा म्हणायला लावली आणि 'झालाच पाहिजे'मधल्या 'च'वर ते एकदम खूश झाले. "हा 'च' इंग्रजीत नेता येत नाय. इंग्रज बिचारा नुसता आवाज चढवतो. ग्रीकमध्ये त्याला जागा आहे. अस्साच, शब्दाच्या पाठीला चिकटून." दादा विरघळला. ज्या भाषेला 'च' कळतो ती परकी कशी, असं म्हणून त्याने ग्रीकला घरात मोकळीक दिली. टेलिफोन आणि फोटो हे शब्द मुळात ग्रीकच, असं सरांनी पुढे सांगितलं तेव्हा वडिलांचाही जीव भांड्यात पडला. आई तर "त्रापेझ्यावर ताटं मांड गं" असं इतक्या सहज म्हणायला लागली, की शेजारणींना वाटायचं, हा तिच्या माहेरचा, मालवणकडचा शब्द असेल.

आणि एके दिवशी वाडीत खरोखरच ग्रीक आला.

त्याची बोट दुरुस्तीसाठी गोदीत अडकली होती, म्हणून तो सरांपासून तीन घरं सोडून एका आंटीकडे खोली घेऊन राहिला. बोटीवरचा आचारी होता. गलेलठ्ठ, मिशाळ, आणि रिकामं बसायची सवय नसल्यामुळे सदानकदा आंटीच्या स्वयंपाकघरात. दिसेल त्या पदार्थावर लिंबू पिळायचा. आंटी आधी चिडली आणि मग तिनेच रोज लिंबं आणायला सुरुवात केली.

बातमी घेऊन मी धावत सरांकडे गेले. मला वाटलं, चप्पल न घालताच निघतील. सर म्हणाले, "असं का?" आणि आत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते चर्चला मागच्या बोळाने जायला लागले. आंटीच्या घराकडची खिडकी बंद झाली. जन्मभर ज्याची वाट बघितली तो दारात आला, तर हे लपून बसले! मला इतका राग आला की मी त्यांना सरळच विचारलं.

"पोरी," ते म्हणाले, "आजवर मी चूक की बरोबर, हे सांगणारा कुणी नव्हता. आता तो तीन घरांपलीकडे मासे तळतोय."

सर लपले होते ते परीक्षेला घाबरून. मग मीच शहाणपणा केला. आंटीच्या स्वयंपाकघरात गेले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत ग्रीकाला एकेक वस्तू दाखवून तिचं नाव विचारलं. त्यात आमच्या घरचा त्रापेझाही त्याला सांगितला. तो हसून हसून खाली बसला. आजच्या ग्रीकमध्ये त्रापेझा म्हणजे बँक. माझी आई रोज बँकेवर ताटं मांडत होती.

सरांना यातलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण माझं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं.

"पाण्याला काय म्हणतो तो? हुदोर?"

"नेरो."

"पावाला? आर्तोस?"

"प्सोमी."

"मासा?"

"प्सारी."

"घर तरी?"

"स्पीती."

सर म्हणाले, "म्हणजे मी मेलेल्या माणसांशी बोलायला शिकलो. आणि ती कुठं उत्तर देतात?" मला रडूच आलं. त्या दिवसापासून शिकवणीत इंग्रजी शब्दाचा आजोबा बाहेर येईनासा झाला. पण बोट कधी सुटणार, हे मात्र ते मला एक दिवसाआड विचारायचे.

मग एक हरताळ आला. दुकानं बंद, ट्राम बंद, सगळी वाडी घरी. वाडीच्या तोंडाशी एका हातगाडीवर चढून दादा भाषण करत होता आणि मी खाली गर्दीत उभी होते. भाषण बरं झालं. शेवटी त्याने घोषणा दिली. 'झाला'पर्यंत सगळं ठीक होतं. 'च'वर त्याने उडी मारली आणि हातगाडीला 'च' झेपला नाही. गाडी एकीकडे कलंडली, दादा दुसरीकडे, आणि त्याचं डोकं दिव्याच्या खांबावर. कपाळावरून रक्ताची धार लागली.

पोरांनी त्याला उचलून जवळच्या ओसरीवर आणलं. ती सरांची ओसरी. दवाखाने बंद, वाडीच्या तोंडाशी नुसता गलका. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "इआत्रोस! अहो, कुणीतरी इआत्रोस आणा!" इतके महिने 'डॉक्टर' म्हणायची चोरी होती. जीव घाबरला तेव्हा तोंडात तोच शब्द आला.

वाडीत कुणालाही काही कळलं नाही. एकालाच कळलं. तीन घरांपलीकडून तो ग्रीक कमरेला बांधलेल्या फडक्यानिशी धावत आला. "यात्रोस? यात्रोस?" करत त्याने एका पोराला हाताने खुणावून डॉक्टरकडे पिटाळलं, दादापाशी गुडघे टेकले आणि फडकं जखमेवर दाबून धरलं.

सर दारात उभे होते. पळायला मागचा बोळ होता, पण ते पुढे आले. परीक्षेला बसलेल्या मुलासारख्या बारीक आवाजात, दादाच्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "केफाले?"

ग्रीकाने वर बघितलं. "केफाली!"

सरांचं बोट रक्ताकडे गेलं. "हाइमा."

"एमा! एमा!"

"पोनोस?" वेदना होतायत का, असं सरांनी विचारलं.

"पोनोस," ग्रीक म्हणाला आणि त्याने सहानुभूतीने मान हलवली. तो शब्द होता तसाच होता. एवढ्या काळात त्याला कुणी हात लावला नव्हता.

सर मटकन खाली बसले, आणि मग दोघांना आवरणं अशक्य झालं. हात झाला, हृदय झालं. नाक जमलं नाही, कान अर्धामुर्धा जमला. दादाच्या एकेका अवयवाला बोट लावून दोघे शब्द जुळवत होते आणि जुळला की टाळी देत होते. ज्या हाताने फडकं धरलं होतं तोच हात टाळीला जायचा आणि धार पुन्हा सुरू व्हायची.

"अहो, मी मरतोय इथे!" दादा किंचाळला. "यात्रोस आणा, इआत्रोस आणा, नाहीतर सरळ डॉक्टर आणा!"

"उद्या पहाटे पाणी!" मी म्हणाले. भाऊ रक्तबंबाळ झाला म्हणून न्याय थोडाच थांबतो?

डॉक्टर आले, टाके पडले. लाठीचा मार आहे अशी समजूत पसरली आणि दादाने ती कधी खोडली नाही. पाणी मात्र त्याने भरलं. डोक्याला पट्टी बांधून पहाटे नळावर उभा राहिला. आई माफ करायला तयार होती, मी नव्हते.

पुढे बोट सुटेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रीक सरांच्या ओसरीवर यायचा. निम्मं बोलणं एकमेकांना कळायचं नाही. मग हातवारे, मग हसणं, मग लिंबू पिळलेले आंटीचे बोंबील. सरांची ती खिडकी पुन्हा उघडली. शिकवणीत शब्दांचे आजोबाही परत आले, आणि आता त्यांच्यामागून आजच्या ग्रीकमधला एखादा नातूही यायचा.

जायच्या दिवशी ग्रीक खांद्यावर पिशवी टाकून आला. सरांचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "दास्काले." एवढंच. सर त्याला वाडीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले, पुढच्या वाटेने, सगळ्यांदेखत. तो दिसेनासा झाला तरी तिथेच उभे होते. परत येऊन ओसरीवर बसले आणि चष्मा पुसायला लागले.

"काय म्हणाला हो तो जाताना?" मी विचारलं.

"गुरुजी म्हणाला." सरांचे डोळे घळाघळा वाहत होते. "दिदास्काले म्हणायला पायजे. पहिलं अक्षर खातो गो. माणूस सोन्यासारखा, पण ग्रीक अगदीच कच्ची."