पहिल्या पाण्याचा तांब्या

बाळा राऊळ भिंतीला कान लावायचा आणि सांगायचा, "गळती इथं नाय, हाताभर डावीकडं." फोडून बघावं तर तिथंच. विलेपार्ल्यातल्या जुन्या इमारतींत त्याच्या कानाला मान होता. कुडाळजवळच्या गावातून सतराव्या वर्षी तो मुंबईत आला, मामाच्या हाताखाली प्लंबिंग शिकला. बिडाच्या दोन पाइपांचा सांधा आला की फटीत ताग ठोकायचा, वर वितळलेलं शिसं ओतायचं. लोखंडी पळीत ते चांदीसारखं हलायचं आणि बाळाच्या तोंडावर त्याचा उजेड पडायचा.

"लोखंड गंजतं, प्लास्टिक तडकतं," तो म्हणायचा. "शिसं गरीब. वाकवाल तसं वाकतं, तक्रार करत नाही. शंभर वर्षं बघायला नको."

दामोदर भुवनात तळमजल्याची एक खोली त्याला पागडीने मिळाली, तीही याच कामातल्या ओळखीवर. इमारत स्वातंत्र्याच्या आधीची. वरचे दोन मजले गच्चीवरच्या टाकीचं पाणी प्यायचे. तळमजल्याच्या दोन बिऱ्हाडांना, म्हणजे बाळाला आणि शेजारच्या जयंतीकाकूंना, फाटकाजवळच्या मीटरपासून थेट लाइन होती. पॅसेजच्या लादीखालून आलेली, शिशाची, बांधकामाच्या वेळची.

दोन हजार नऊ साली वरच्यांचे पाइप बदलले, तेव्हा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, खालचीही नळी काढून टाकू. बाळा जिन्याच्या पायरीवर उभा राहिला.

"ह्या नळीला हात लावायचा नाही! सोनं आहे ते. मी जबाबदार."

इमारतीचे चाळीस हजार वाचले. पहिल्या मजल्यावरच्या मार्तंडकाकांनी त्याला नारळ दिला. बाळाने तो नारळ फोडला नाही, वर्षभर देव्हाऱ्याशेजारी ठेवला. आतून वाळून खुळखुळायला लागला तरी.

बायको रत्नप्रभा. तिचा नियम घरात देवाइतकाच जुना. पहाटे पाच वाजता पाणी यायचं. नळ फुसफुसला की ती उठायची, तोंड धुवायच्याही आधी तांब्याचा कलश नळाखाली धरायची. पहिलं पाणी. कुणी न वापरलेलं, रात्रभर कुणाचा हात न लागलेलं. त्यातलं पळीभर देवाला, आणि उरलेलं झाकून ठेवायचं ते घरातल्या सगळ्यात लहान जिवासाठी. आधी मुलगा सुशांत. मग तीस वर्षांनी त्याची मुलगी श्रुतिका. तिची पेज त्या पाण्यात, तिचं दूध त्या पाण्यात.

"आई, फिल्टर घेऊया ना," सून श्वेता एकदा म्हणाली होती. ती मुलुंडची, अंधेरीला चष्म्याच्या दुकानात नोकरीला.

"फिल्टर कित्याक? देवाक चलता ता तुमका चलना नाय?"

श्वेता नुसती हसली. ते हसणं तिला पुढे फार छळायचं.

श्रुतिका तीन वर्षांची झाली तरी बोलेना. पोट धरून बसायची. गाल पिवळट. "राऊळांची पोरं उशिराच बोलतत," रत्नप्रभा म्हणायची, "सुशांत चार वर्सांचो होय तवसर मुको." डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, आणि मग एका दुपारी घरातल्या चौघाही मोठ्यांना बोलावून घेतलं.

"रक्तात शिसं आहे. बरंच. घरात जुना रंग उडतोय? सुरमा घालता डोळ्यात? पाणी कसलं पिते ही?"

"पाणी चांगलं आहे," बाळा म्हणाला. "माझी स्वतःची लाइन आहे."

"कसली?"

"शिशाची," बाळा म्हणाला.

पाण्याचे दोन नमुने गेले. एक पहाटे नळ सोडताक्षणी भरलेला, एक दहा मिनिटांनी. दुसऱ्यात शिसं थोडं होतं. पहिल्यात कितीतरी पट.

"रात्रभर नळीत उभं राहिलेलं पाणी असतं ना," डॉक्टरीणबाई कागदावर रेघ ओढून सांगत होत्या, "त्यात ते उतरतं. म्हणून ते पाणी आधी सोडून द्यायचं. पहिलं पाणी कधीच प्यायला घ्यायचं नाही. लहान मुलाला तर अजिबात नाही."

रत्नप्रभा उठली आणि दवाखान्याच्या बाहेर जाऊन उभी राहिली. बाळा तिच्या मागे गेला.

"अगो..."

"माज्याच हातान पाजलंय," ती म्हणाली. "ह्या हातान. दुसऱ्या कोणाक भरूक पण दिलंय नाय."

"तुका काय ठावक. नळी माजी."

आत सुशांत विचारत होता, "होईल ना बरी?"

"शिसं हळूहळू कमी होईल. बोलणं किती येईल ते आज नाही सांगता येणार."

सगळे घरी परतले. दारात चप्पल काढताना सुशांत सहज बोलल्यासारखा म्हणाला, "बाबा, मी दहावीला दोनदा बसलो. तुम्ही मला पट्ट्याने मारलं होतं. डोकं कुठे असतं तुझं, म्हणून." एवढंच. मग आत जाऊन त्याने पंखा लावला. त्याचं कारण हेच पाणी होतं का, हे कुठला डॉक्टर सांगणार? पण बाळाने त्या दिवसापासून कमरेला पट्टा लावला नाही. पँट सुतळीने बांधायचा.

श्वेताने त्याच संध्याकाळी बॅग भरली.

"मी मुलुंडला जातेय. नळी बदला, मग येईन. तोपर्यंत ती या घरात थेंबभर पिणार नाही."

"बदलतो," बाळा म्हणाला. "महिन्याभरात बदलतो. श्वेता, आजोबाचा शब्द आहे."

पोर दारातून आजोबांकडे बघत होती. तिने हात हलवला. टाटा म्हणता येत नव्हतं, पण हात बरोबर हलवायची.

वॉर्ड ऑफिसात कळलं की मीटरच्या आतलं सगळं रहिवाशांनी बघायचं. घरमालकाचे वारस फोन उचलत नव्हते. मग मीटिंग, गच्चीच्या जिन्याखाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पॅसेज खोदायचा, तांब्याची किंवा नव्या पद्धतीची प्लास्टिकची नळी टाकायची, परवान्याच्या प्लंबरची सही, लादी पुन्हा बसवायची. खर्च एक लाख दहा हजार. बाळाची मजुरी त्यात धरलेली नव्हती, ती तो करणार होता. नऊ बिऱ्हाडं. त्याने हात जोडले. "प्रत्येकी बारा हजार पडतील."

दुसऱ्या मजल्यावरचा मुकुल इमारतीचे कागद सांभाळायचा. तो म्हणाला, "काका, वाईट वाटतंय, खरंच. पण ते पाणी आमच्याकडे येतच नाही ना? आम्ही टाकीचं पितो."

"पोर तुमच्याच पॅसेजमध्ये खेळते रे."

"ते सेंटिमेंट झालं, काका. आणि पॅसेजची लादी मागच्याच वर्षी घातलीय. तिचे पैसे सगळ्यांनी दिलेत."

"अरे, मुलीचं बोलणं गेलंय आणि तू लादी काय घेऊन बसलास?" जयंतीकाकू म्हणाल्या. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या. "माझे तीस हजार लिही. मी पण तेच पाणी पितेय चाळीस वर्षं. माझ्या डोक्याचं काय झालंय ते तर दिसतंच आहे सगळ्यांना."

कुणीतरी हसलं. थोडं हलकं झालं. एखादा हो म्हणेल असं वाटलं. तेवढ्यात मार्तंडकाकांनी मुकुलच्या हातातली जुनी वही ओढली, चष्मा कपाळावर सरकवला.

"थांबा. दोन हजार नऊ. वाचतो. 'तळमजल्याची नळी बदलण्यास श्री. बाळा राऊळ यांनी हरकत घेतली. नळी उत्तम असून पुढील जबाबदारी माझी, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले.' सही. तुझीच ना रे बाळा?"

बाळाने वहीत वाकून पाहिलं. सही त्याचीच होती. 'ळ'ची शेपटी ऐटीत लांब ओढलेली. त्या दिवशी तो खूप खूश होता.

"माझीच," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय, बरोबर आहे."

"अहो राऊळ, भांडा की!" जयंतीकाकू ओरडल्या. "तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"मला माहीत असायला हवं होतं, काकू. माझा धंदा तो." त्याने खुर्ची मिटली, भिंतीला लावली. "लादी होती तशी बसवून देईन. तडा जाणार नाही."

गावच्या घराचं छप्पर उतरवून नवं घालायला त्याने पैसे बाजूला ठेवले होते. ते काढले. सुशांतने ऑफिसातून उचल घेतली. काकूंचे तीस. सहासष्टाव्या वर्षी बाळा गुडघ्यावर बसून पॅसेज खोदू लागला. येणारे-जाणारे मातीवरून उडी मारून जायचे. चौथ्या दिवशी नळी उघडी पडली. राखाडी, जाड, कुठेही न चिरलेली. पंचाऐंशी वर्षांत एक थेंब गळला नव्हता. बाळाने तिच्यावर हात ठेवला, सवयीने. मग काढून घेतला आणि मांडीला पुसला.

भंगारवाला काटा घेऊन आला तेव्हा मुकुल खाली उतरला.

"काका, विचारतोय फक्त. शिशाला चांगला भाव येतो म्हणे. नळी सगळ्यांच्या मालकीची होती ना, टेक्निकली?"

बाळाने वर पाहिलं. हातातली पहार बाजूला ठेवली.

"घेऊन जा," तो म्हणाला. "सगळी घेऊन जा. माझ्या डोळ्यासमोरनं ने."

महिन्याला दोन दिवस कमी असताना नवी नळी बसली. नमुना तपासला, शिसं नाही. कागद रत्नप्रभाने देव्हाऱ्यात ठेवला. कलश तिने आधीच माळ्यावर टाकला होता. आता पहाटे ती नळ सोडायची आणि दहा मिनिटं बादलीत पाणी पडताना नुसती बघत बसायची.

रविवारी श्वेता आली. सुशांत स्टेशनवर आणायला गेला होता. श्रुतिका नव्या लादीवरून टपटप पावलं टाकत आली, आजोबांच्या गुडघ्याला चिकटली. गाल जरा भरले होते. बोलत मात्र नव्हती.

"हे बघ," बाळाने देव्हाऱ्यातला कागद श्वेतापुढे धरला. "शून्य. आणि ही लाइन बघ, जोडच कमी ठेवलेत मी."

"बघितलं, बाबा. छान केलंत."

पोरीने ओठांना हात लावला. तहान लागली की तशी खूण करायची. रत्नप्रभा जागची हलली नाही. बाळाच उठला. नळ सोडला, वाहू दिला, मनात मोजलं. मग स्टीलचा पेला तीनदा विसळून भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

श्वेताने पर्समधून बाटली काढली होती. झाकण उघडत होती.

"बाबा, नको. प्लीज. रागावू नका." तिने बाटली पोरीच्या हातात दिली. "मला माहितेय चांगलं आहे. कागद वाचला मी. पण हात होत नाही हो माझा."

"बरोबर आहे," बाळा म्हणाला.

"आम्ही मुलुंडलाच खोली बघितलीय. तिची बोलायची टीचर पण तिथेच आहे. सुशांत सांगणार होता तुम्हाला."

सुशांत खिडकीबाहेर बघत होता.

पोर बाटलीतून घटाघटा पाणी पीत होती, डोळे आजोबांच्या पेल्यावर. बाळा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिला दिसेल असा, हळूहळू, तळ लागेपर्यंत तो पेला स्वतः प्याला. पोरीला तो खेळ वाटला. तिने बाटली खाली घेतली, त्याच्याकडे बघून हसली आणि पुन्हा तोंडाला लावली.