मुख्याध्यापकांचा श्वास

आमच्या यजमानांचं बीपी वाढलं तेव्हा कारंज्याच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं, "रोज सकाळी घरीच थोडा वेळ शांत बसा. श्वास हळू घ्या, त्याहून हळू सोडा." यजमान मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले. शांतता ही दुसऱ्यांनी पाळायची असते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

दुसऱ्या दिवशी ते हॉलमध्ये सतरंजीवर बसले आणि घराला शिस्त लागली. मिक्सर बंद. सुनेनं फोन गच्चीवर जाऊन घ्यायचा. मी कणिक मळत होते, तर हे मिटल्या डोळ्यांनीच ओरडले, "काहून खडबड करून राह्यली? मी शांत होऊन राह्यलो ना इथं!"

"कणकीचा कुठी आवाज येते का?"

"परातीचा येते!"

दारावर भाजीवाली आली की श्वास अर्धा टाकून तिच्यावर खेकसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तोवर आम्हा सासू-सुनेचा जीव कोंडून जायचा.

पुढे मुलानं बीपी मोजायचं मशीन आणलं. यजमानांचं खरंच उतरलं होतं. त्यांनी गल्लीभर आपल्या श्वासाचं कौतुक सांगितलं. गोळीचं नावही काढलं नाही. मग मशीनची परीक्षा म्हणून पट्टा माझ्या दंडाला बांधला. आकडा चांगलाच चढलेला. पुन्हा बांधला. पुन्हा तसाच.

"मशीन बिघडलं वाटते," ते म्हणाले.

सून म्हणाली, "बाबा, तुमचं मोजलं तवा तर चांगलं होतं."

डॉक्टरांनी मलाही गोळी दिली आणि तोच व्यायाम सांगितला. "घरात शांतता असते ना?" त्यांनी विचारलं. यजमान खिडकीबाहेर पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीचं दार लावून बसले. पोटावर हात ठेवला. आधी श्वास छातीतच अडकायचा. जन्मभर सगळं घाईनं केलेलं, श्वाससुद्धा. मग सावकाश पोट वर आलं, खाली गेलं. इतका वेळ आपण नुसत्या बसलो आहोत, याचंच मला हसू आलं.

स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजत होती. थोड्या वेळानं दाराशी यजमानांचा आवाज आला, त्यांच्या मानानं फारच हळू.

"अवं, साखर कुठी ठेवली?"

मी उत्तर दिलं नाही. श्वास सोडणं चालू होतं, आणि ते घाईत करायचं नसतं.