जानूने ओटीवर पाडलेला पाऊस

तारोडीच्या जानूने गुडघ्यापायी मासळीची बोट सोडली, डॉक्टरापायी दारू सोडली, पण स्टिरिओ काही सोडला नाही. कपाटाच्या खणाएवढे दोन स्पीकर आणि एक काळा अ‍ॅम्प्लिफायर. सकाळी बायका अंगणात मासळी निवडायला बसल्या की हा उंबऱ्यात खुर्ची टाकायचा आणि गल्लीभर ऐकू जातील अशी गाणी लावायचा. गल्लीत त्याला मान होता तो तेवढाच. बाकी त्याचं बोलणं कोणी ऐकत नव्हतं, घरात तर नाहीच नाही.

त्यात मुलगा स्वप्नील होम थेटर घेऊन आला. पाच बारके स्पीकर नि एक वूफर.

"बाबा, जुनं आता भंगारात. हॉलमध्ये दोन-दोन नाही मावत."

"ह्या साबणाच्या वड्या वाजनार? यातनं शिंक तरी येल का?"

"मग दोन्ही एकत्र चालवून दाखवा रविवारपर्यंत. नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावतोय."

जानू लंगडत भाईंदरला गेला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लवूकडे. लवूने सांगितलं, "नव्या डब्यातनं वायर काढून जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला दे. पुढचा आवाज तुझ्या मोठ्या स्पीकरांतनं निघेल. सासू पुढं, सुना मागं. बारके दोन ऐकणाऱ्याच्या पाठीमागं लाव, शिनेमातला मागचा आवाज त्यातनं येतो."

ऐकणारा कोण? जानू. जानू बसतो कुठे? उंबऱ्यात, टीव्हीकडे तोंड करून. मग पाठीमागे आली ओटी. स्वप्नील ड्युटीवर होता तेवढ्यात जानूने बारके दोन ओटीच्या खांबांना सुतळीने बांधून टाकले.

रविवारी संध्याकाळी बापलेक सिनेमाला बसले. बाहेर ऑक्टोबरचं आभाळ जरा काळवंडलेलं, काठ्यांवर बोंबील वाळत. सिनेमात वादळ आलं. गडगडाट झाला तो ओटीवर.

"पाऊस! बोंबील काढा गं!" शेजारची शांताबाई ओरडली. गल्लीभर पळापळ. स्वप्नीलची बायको दिव्या अर्ध्या वेणीची धावली. कोणाचा बोंबील कोणाच्या टोपलीत पडला ते देवाला ठाऊक. सगळा गोळा होईस्तोवर ओटीवर घोडे दौडायला लागले. तारोडीत घोडा? शांताबाईने वर बघितलं. थेंब नाही. मग खांब बघितला.

"जानू, मेल्या! आता हे बोंबील परत कोन घालनार, तुजा बाप?"

स्वप्नीलला तेच पाहिजे होतं. "बघितलंत ना बाबा? उद्याच भंगारात."

"काय भंगारात?" शांताबाई वळली.

"हा जुना स्टिरिओ, मावशी."

"त्यानं काय केलान? गडगडली ती खांबावरची तुजी पिल्लं! तीस वरसं तो वाजतोय, त्यानं कवा खोटा पाऊस न्हाय पाडला. सकाळी गानी न्हाय वाजली तर सुकट निवडायला तू ये. येशील?"

मागे टोपल्या घेऊन आठ-दहा बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात कोयता होता, उगाच आपला. स्वप्नील खांबाची सुतळी सोडायला लागला. जन्मात पहिल्यांदा जानूच्या बाजूने कोणी बोलत होतं, मध्ये तोंड कोण घालतो?

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून स्वप्नीलने बारके स्पीकर आतल्या भिंतीला ठोकले. मोठे टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले, वायर लवूने सांगितली तशीच.

"बाबा, आता इथे सोफ्यावर मधोमध बसायचं. तरच चारी बाजूंनी आवाज येतो."

"तू बस," जानू उंबऱ्यात खुर्ची टाकत म्हणाला आणि मोठा आवाज करून गाणं लावलं.