तात्यांचा उसासा आणि माझी माशांची टाकी

आमच्या तात्यांच्या भुताला मी ठिबकच्या पाईपमधून आवाज दिला, ही गोष्ट आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. (तिनं त्या भुतासाठी माझ्याच हातानं नारळ फोडून घेतला, तरीही नाही!)

सुरुवात माझ्या रक्तदाबापासून झाली. निरगुडसरला माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं छोटं दुकान आहे. मंचरचे डॉक्टर म्हणाले, "बोलत नाही तुम्ही, सगळं आत साठवता. मासे पाळा. शांत बसून बघत जा." मी काचेची टाकी आणली, पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली, तिच्यात लाल-सोनेरी मासे सोडले. बघायला आलेला पहिलाच शेजारी वाकून म्हणाला, "लई बारकं हायेत राव. खायचं कधी?"

मासे बघून रक्तदाब उतरायचा आणि टाकीचं पाणी बदलताना दुपटीनं चढायचा. बादल्या उचला, पाईपला तोंड लावून पाणी ओढा, एक घोट माशांसाठी आणि एक घोट आपल्या पोटात! सगळ्या तालुक्याच्या उसाला घरबसल्या पाणी पाजणारा मी, आणि घरात माशांचं पाणी पितोय? माझा व्यावसायिक अभिमान खवळला.

म्हणून मी यंत्रणा उभारली. विहिरीवरच्या मोटरीची लाइन घरावरच्या टाकीला येते, तिला एक बारीक फाटा काढला. मोटर चालू झाली की ताजं पाणी आपोआप माशांच्या टाकीत. पाणी वर चढलं की वाकवलेल्या दुसऱ्या पाईपमधून जुनं पाणी आपोआप बाहेर. पातळी खाली आली की पाईप हवा ओढणार आणि थांबणार. दोन्ही पाईपना एकेक कॉक. मोटर तर ऑटोवर असतेच. आमच्याकडं मोटरीची थ्री फेज लाइट कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं, म्हणून सगळ्यांच्याच मोटरी ऑटोवर. लाइट आली की उसाला पाणी, घराला पाणी, माशांना पाणी. मी फक्त खुर्चीत!

"जुनं पाणी जातं कुठं?" कुंदानं, माझ्या बायकोनं विचारलं.

"जातं," मी म्हणालो.

ते भिंतीतून जात होतं. भिंत माझी एकट्याची नव्हती. एकाच घराच्या दोन वाटण्या. अलीकडं आम्ही, पलीकडं माझे चुलते तात्या आणि काकू. भिंतीच्या पोटात जुना लाकडी खांब कुजून पोकळी झालेली. तिच्यातून पाईप खाली सोडला आणि तोंड काकूच्या परसात केळीच्या बुडात पुरलं. भोक जरा मोठं पडलं, तिथं चिंध्या कोंबल्या. काकू तेव्हा माहेरी, आणे गावाला गेलेली. आल्यावर सांगू म्हटलं.

ती माहेरी गेली होती, कारण तात्या नुकतेच गेले होते.

त्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. घाटावर सगळे उन्हात ताटकळलेले. तात्यांचा मुलगा सोपान चाकणला कंपनीत फिटर; त्यानं हात जोडून सांगितलं, "आईला मी संभाळीन." कावळा झाडावर ढिम्म! मग लोकांनी मला पुढं ढकललं. मी आयुष्यात चार माणसांसमोर बोललो नव्हतो. कसाबसा म्हणालो, "तात्या, काकूला या घरातनं कुणी हलवणार न्हाई. माझा शब्द." शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर! बायकांनी डोळे पुसले. मला मात्र वाटलं, तो कावळा पिंडापेक्षा माझ्याकडंच जास्त बघतोय.

काकू परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी थ्री फेज आली. तात्यांच्या खाटेच्या वर, भिंतीला त्यांनीच लावलेला लाल दिवा होता. थ्री फेज आली की तो पेटायचा. तो पेटला की दम्यानं घरघरणारे तात्या उठून बसायचे, एक लांब उसासा टाकायचे आणि मोटर बघायला निघायचे. सगळी हयात अशी गेली त्यांची.

त्या दुपारी लाल दिवा पेटला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चहाला उकळी यावी एवढा वेळ गेला आणि भिंतीतून आवाज आला. आधी बारीक शीळ. मग छातीत कफ दाटावा तशी घरघर. आणि शेवटी एक लांब, थकलेला उसासा: हूऽऽऽश्श!

माझ्या अंगावर काटा आला. मीच केलेला पाईप, तरीही!

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज झाला. मग काकूचा अगदी साधा स्वर, "उठलात व्हय? बसा. च्या टाकते."

तेव्हाच उठून जायला हवं होतं. "काकू, पाईप हाय गं तो." सहा शब्दसुद्धा नाहीत! पण तिचा तो स्वर दहाव्यानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी म्हटलं, उद्या सांगू.

उद्यापर्यंत प्रकरण वाढलं. लाल दिवा पेटला की काकू भिंतीशी बसायची. आणि चिंध्या कोंबलेलं भोक टाकीच्या बरोबर मागं होतं, त्यातून तिचं बोलणं आमच्या खोलीत यायचं. एकदा तिन्हीसांजेला कुंदा माशांना खाणं टाकत होती. मोठा मासा काचेला तोंड लावून उघडमीट करत होता. त्याच वेळी टाकीतून आवाज आला, "पाय दुखतात का वं?"

कुंदा किंचाळली, "अहो! मासा बोलला!"

"कानात मळ असंल," मी म्हणालो.

"माझ्या कानात? त्यानं माझ्या पायाचं इचारलं! माझे पाय खरंच दुखत्यात!"

दुसऱ्या दिवशी टाकीला लिंबू-मिरची लटकली. (मासे दोन दिवस त्याखाली गेले नाहीत. त्यांनाही काही कळलं असावं!) तिकडं परसातली केळ तरारली, तिला घड लागला. काकू गल्लीतल्या बायकांना सांगू लागली, "रोज पानी घालून जात्यात. जित्तेपनी कधी तांब्या उचलला न्हाई!" बायका भिंतीला हळदकुंकू लावून गेल्या. कुंदानं नारळ आणला आणि माझ्या हातात दिला. मी फोडला. काय करणार?

बातमी चाकणला पोचली. सोपान आला तो आईची पिशवी भरायलाच.

"दादा, ती भिंतीशी बोलते. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. तू काय बोलत कसा न्हाईस?"

"हं," मी म्हणालो.

काकू खाटेवर ताठ बसली होती. "हे बघ सोपान. आज लाइट अजून यायचीया. दिवा लागला आन् हे बोलले, तर मी हितनं हलायची न्हाई. न्हाई बोलले, तर आले तुझ्यासंगं. मग तर झालं?"

"आई, भिंत कशी बोलंल?" सोपान उठला, भिंतीवर बोटांनी टकटक करू लागला. खांबाच्या पोकळीवर येताच आवाज बदलला. तो थांबला. "हितं पोकळ हाय. दादा, आत काय हाय रं?"

फिटर माणूस! गल्लीसमोर, काकूसमोर, हळदकुंकवासमोर तो पाईप बाहेर निघणार होता. "आलोच," म्हणालो आणि घरात पळालो. टाकीमागं हात घातला, हाताला लागला तो कॉक गच्च बंद केला आणि परत येऊन उभा राहिलो.

लाल दिवा पेटला.

चहाला उकळी येण्याएवढा वेळ गेला. आणखी तेवढाच गेला. त्या लाल उजेडात काकूनं भिंतीला हात लावला. "अवो... बोला की. पोरगं न्यायला आलंय मला."

भिंत गप्प. इतकी गप्प भिंत मी कधी ऐकलेली नाही.

"ऐकताय ना? एकदाच बोला."

मी बोलू शकत होतो. मी तिथंच होतो.

काकूनं हात काढून घेतला. आणि तेवढ्यात पलीकडून कुंदाची किंकाळी! मी येणारं पाणी बंद करायच्या ऐवजी जाणारं बंद केलं होतं! (गिऱ्हाइकांना इतकी वर्षं एकच मंत्र देतोय: आधी इनलेट, म्हणजे येणारं पाणी, बंद!) टाकी काठोकाठ भरून सांडत होती, मासे फरशीवरून उंबऱ्याकडं निघाले होते, लिंबू-मिरची त्यांच्या पुढं तरंगत होती. आणि चिंध्यांच्या भोकातून झिरपलेलं पाणी काकूच्या भिंतीवर दोन ओघळांनी उतरलं, हळदकुंकवावरून खाली.

काकू ते ओघळ बघत राहिली. "रडले बघ," ती हळूच म्हणाली. "निरोप घेतला रं त्यांनी. गेले."

"काय सांडलं, दादा?" सोपाननं विचारलं.

"टाकी," मी म्हणालो. तेवढं मात्र खरं बोललो!

निघताना काकूनं दारातून एक मासा तांब्यात उचलून माझ्या हातात दिला. आयुष्यात कधी मासळीला शिवली नव्हती ती. "जीव हाय अजून त्यात. जप." गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, "दत्ता, तू व्हतास म्हणून ऱ्हायले रं एवढी."

मी पाईप उपटला, भोक सिमेंटनं बुजवलं. वाचलेल्या त्या एका माशाचं पाणी आता मग्यानं बदलतो. पलीकडच्या बंद खोलीत लाल दिवा अजून पेटतो, खिडकीतून अंगणात उजेड पडतो. तेव्हा मासा भिंतीकडं तोंड करून उभा राहतो आणि मी हातातला चहा तसाच धरून कान देतो. अंगणात कावळा आला, तर मी आधी घरात जातो.

काकूचा चाकणहून फोन येतो. चौथ्या मजल्यावर तिला करमत नाही. "दत्ता, दिवा लागतो का रं?"

"लागतो."

"आन् हे?"

"न्हाई," मी म्हणतो. पुढचं वाक्य माझ्याही पाईपमध्ये अडकतं. कॉक कुठला उघडायचा ते ठाऊक असूनही हात जात नाही.

भिंतीत पाईप होता, एवढं खरं मला काकूला सांगायचं आहे, आणि तिला गाडीत घालून तिच्या खाटेपर्यंत परत आणायचं आहे. दोन्ही अजून बाकी आहे.