चार मिनिटांचं सर्टिफिकेट

विमानतळावर सगळ्यांच्या हातात पिशव्या होत्या, बाबांच्या हातात माझी फाइल. आईची कोकमं, पोहे, पितळेची भांडी, सगळं सामानात गेलं. फाइल मात्र बाबांनी छातीशी धरली. "सामान गेलं तर पुन्हा घेता येतं. कागद गेला की माणूस गेला," असं ते रेल्वेच्या कचेरीत जन्मभर म्हणत आले होते.

ज्योती, फरझाना, तुम्ही काचेपलीकडे उभ्या होतात. फरझाना रडतही होती आणि शिव्याही देत होती, की कॅम्प तोंडावर आलाय आणि ही बया देश सोडून चालली! मी सतरा वर्षांची. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालेलं. दोनच महिन्यांपूर्वी आपण भारताच्या ज्युनिअर बास्केटबॉल संघातून आशियाई स्पर्धा खेळून आलो होतो. खेळून म्हणजे तुम्ही. मी चार मिनिटं. दोन फाउल आणि एक फ्री थ्रो, तोही रिंगला लागून बाहेर. पण सर्टिफिकेटवर मिनिटं कुठे लिहितात? बाबांनी ते प्लास्टिकमध्ये घालून फाइलच्या पहिल्या पानावर लावलं.

मुंबईच्या कितीतरी ज्यू घरांसारखे आम्हीही इस्राएलमध्ये, लोदला आलो. बाबा विमानतळाच्या गोदामात लागले, मी शाळेच्या कोर्टावर. नागपाड्याच्या सिमेंटवर शिकलेली पोरगी, लाकडी फळ्यांवर काय पळाले म्हणून सांगू! आठ महिन्यांत तेल अविवला इस्राएलच्या ज्युनिअर मुलींच्या कॅम्पचं बोलावणं आलं. बाबांनी लगेच आमच्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला गोड पोह्यांचा मलिदा बोलला, निवड झाली तर.

कॅम्प झाला, कोचने माझं नाव घेतलं. जर्सी अंगाला लावून बघायला दिली. तीसुद्धा निळीच. युरोपातल्या स्पर्धेचे फॉर्म भरायला एक बाई बसली होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी बाबांनी फाइल उघडून तिच्यापुढे सरकवली. "मॅडम, इंटरनॅशनल प्लेअर!"

बाईचं पेन थांबलं. एका देशाकडून अधिकृत स्पर्धेत खेळलेल्या मुलीला दुसऱ्या देशाकडून खेळता येत नाही, असा नियम होता. ती मला हिब्रूत समजावत राहिली. 'होदू, होदू' म्हणत होती, म्हणजे हिंदुस्थान. तिचाही चेहरा पडला होता. बाबा मात्र हसत उभे. "काय म्हणतात गं?"

"उंची कमी पडते म्हणतात," मी म्हटलं.

त्यांनी फाइल मिटली. "आमच्या घराण्यातच नाही, ती कुठून आणणार?" मी जर्सी घडी घालून टेबलावर ठेवली.

खोटं कशाला बोलू, मला बाबांचाच राग आला होता. मुंबईत कागद दाखवून दाखवून जन्म गेला, इथे एक कागद जास्त झाला. संघ युरोपात गेला त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलले नाही. बाबांनी मलिदा मात्र केला. आई म्हणाली, निवड कुठे झालीय? "बोललोय तर करतो," म्हणाले. मला वाटलं, हट्टी म्हातारा.

पुढे कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना सांगत, "पोरगी माझ्यामुळे राहिली." मला वाटायचं, ते उंचीचंच म्हणतायत; मी विषय बदलायचे. खरं सांगावं तर म्हातारा खचेल. न सांगावं, तर घास उतरायचा नाही.

आता माझी नोआ चौदा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते. तिला सोळा वर्षांखालच्या मुलींच्या निवडीला मंगळवारी तेल अविवला बोलावलंय. परवा मी तिचे कागद शोधत होते, तेव्हा बाबा खुर्चीतून म्हणाले, "फाइल नेऊ नकोस गं."

"का?"

"ती बाई तेव्हा चारदा होदू म्हणाली. हिब्रू येत नव्हतं मला, पण तेवढं कळत होतं. उंचीला कुणी होदू म्हणतं का?"

अठरा वर्षं! मला वाटायचं, हे खोटं मी एकटी ओढतेय. नोआने हिब्रूत विचारलं, सब्बा, म्हणजे आजोबा, काय म्हणतो? मी जुनी फाइल परत कपाटात ठेवली.

"मी येऊ का मंगळवारी?" बाबांनी विचारलं. "बाहेर बसेन. हात रिकामे ठेवून."

फरझाना, घर कुठलं म्हणशील, असं तू दर पत्रात विचारतेस. मंगळवारी तेल अविवच्या बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसतील, फाइलशिवाय. सध्या तरी माझं घर तेवढंच.