एकोडीच्या तलावापलीकडे बाबा

मी भंडाऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकवीस वर्षं काम करतेय. नमुन्यात जे दिसेल ते रिपोर्टवर लिहायचं, दिसत नसेल तर नाही... स्वभावही तसाच झालाय. या पानावर लोकांनी लिहिलेले असले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसले तर ओशाळल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. माझे बाबा ऐंशीला टेकलेत. मोहाडीला त्यांनी आयुष्यभर हातमाग चालवला. दोन वर्षांपासून गुडघे पार गेलेत, वॉकरशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत. त्यात विसरणं सुरू झालं. जेवलो की नाही, सकाळ आहे की संध्याकाळ, काही लक्षात राहत नाही. दिवसभर गप्प बसून असायचे. मीसुद्धा लॅब, घर आणि बाबा यांत थकून गेले होते, कुठेतरी समुद्रावर जाऊ या म्हणत होते. शेवटी माझे मिस्टर विलास म्हणाले, "समुद्र लय दूर पडते बाबांना. आपल्या साकोलीकडं तलाव काय कमी आहेत? चाल, चार दिवस आराम करू."

एकोडीच्या बाहेर, तलावाला लागूनच, दोन खोल्यांचं कौलारू कॉटेज मिळालं. ओसरीपासून दहा पावलांवर पाणी. धान कापून झालं होतं, त्यामुळे सगळीकडे मोकळं मोकळं. पाण्यावर बदकांचे थवे. गावातल्या कांताबाई स्वयंपाकाला यायच्या. लाखोरीच्या डाळीचे वडे, ताज्या मासोळ्यांचा रस्सा, गरम भात... मी ओसरीवर चटई टाकून दुपारची चक्क दोन-दोन तास झोपायचे! बाबा खुर्चीत बसून पाणी बघत राहायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून आणखी एक वडा मागितला, तेव्हा मी आणि विलास एकमेकांकडे बघतच राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी बाबांच्या गोळ्या आणि चहा आणायला आत गेले. विलास मागच्या बाजूला गाडी पुसत होते. पाच मिनिटं... फार तर सात. बाहेर आले तर खुर्ची रिकामी. वॉकर मात्र खुर्चीजवळ जसाच्या तसा उभा.

मी आधी पाण्याकडेच पाहिलं. हातातला कप कुठे पडला ते कळलं नाही. विलास कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले, हातांनी तळ चाचपायला लागले. मी "बाबा, बाबा" ओरडत काठानं पळत होते. चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तेवढ्यात कांताबाईंनी माझा दंड धरला.

"ताई, तिकडं पाहा जी! त्या चिंचेखाली कोण बसून आहे?"

तलावाच्या पलीकडच्या काठावर लाल स्वेटर दिसत होता. बाबांचाच. आणि ते हात हलवत होते!

गाडीनं वळसा घालून पोहोचायला आम्हाला बारा मिनिटं लागली. बाबा चिंचेखाली दगडावर आरामात बसले होते. धोतर कोरडं, पायाला चिखल नाही. मी त्यांच्यासमोर बसले आणि मला रडूच आवरेना.

"काहून रडून राहिली व, चित्रा?" बाबा म्हणाले. माझं नाव त्यांच्या तोंडून कितीतरी महिन्यांनी ऐकलं.

"तुम्ही इथं आले कसे, बाबा?"

"डोंग्यानं आलो. एक मानूस आला होता काठाले. त्याले घरी जाऊचं होतं, पन हात चालत नव्हते त्याचे. मंग मीच वल्हवलं. सोडून देल्लो त्याले."

विलासनी त्यांचे हात उलटून पाहिले. दोन्ही तळव्यांवर ताजे फोड आले होते.

आम्ही सगळीकडे बघितलं. तलावात डोंगा नव्हता, काठावर नव्हता, दूरवर कुठे माणूसही नव्हता. कांताबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "डोंगा पयले होता जी. आता सारे टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतेत. आन आज तर कोनी उतरलंच नाही पान्यात."

लोकांना वाटेल आम्ही लगेच सामान बांधलं असेल. नाही. बाबांना इतकी भूक लागली होती की कांताबाईंनी परत भात टाकला. जेवून ते खुर्चीतच शांत झोपले. आणि ठरलेले दिवस आम्ही मजेत राहिलो, फक्त मी बाबांच्या खुर्चीजवळून हलले नाही. फोडांना दोन वेळा मलम लावत होते.

विलास म्हणतात, काहीतरी साधं कारण असेलच. असेल. कोणी खांद्यावर उचलून नेलं म्हणावं तर सात मिनिटांत तेवढा वळसा होत नाही, आणि फोडांचं काय? मी सगळं उलटसुलट तपासून पाहिलं, मला उत्तर मिळालेलं नाही. भंडाऱ्याला परतल्यावर बाबांचं विसरणं पुन्हा पहिल्यासारखं झालं. पण परवा केस विंचरून देताना मी सहज विचारलं, "तो डोंग्यातला माणूस कोण होता, बाबा?"

ते लगेच म्हणाले, "नाव कायले इचारू? थकला होता तो."